सुटती काच धरू नये

३ ऑगस्ट, रविवार, दुपार

चिमणे,

फोन तू उचलत नाहीस. पत्राचं बरं असतं, टपालवाला ते दाराच्या फटीतून आत सरकवून मोकळा होतो आणि मग पायात आलं की तुला उचलावंच लागतं. म्हणून पत्र.

अक्षर बघून हसू नकोस. मी उताणी पडून लिहितेय, छातीवर फळी उभी धरून. पेनानं दोन ओळी झाल्या की शाई यायची बंद. पेनाला चढण चढता येत नाही, हे मला सेहेचाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. आता पेन्सिल घेतलीय. टोक मोडलं की आईला हाक मारायची, आणि आईला हाक मारायची म्हणजे सगळ्या आळीला मारायची. तिचा डावा कान तर गेलाच, उजवाही आता मर्जी असेल तेव्हाच चालतो.

पुन्हा अंथरूण धरलंय. एप्रिलमध्ये पडले, जूनपर्यंत बरी होत आले होते, हे तुला मावशीनं सांगितलंच असेल. कमरेला पट्टा बांधून खाली कारखान्यात जात होते, खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकत होते. मागच्या सोमवारी शिंकले. एकच शिंक, बाई! दोन माणसांना उचलणार नाहीत अशा काचा ज्या पाठीनं वीस वर्षं उचलल्या, तिला एक शिंक पेलली नाही. कमरेपासून डाव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत कुणीतरी तापलेली तार ओढली असं वाटलं. खाली बसले ती मिस्त्रींनी आणि आईनं उचललं तेव्हाच उठले.

तेव्हापासून छत बघतेय. तुला माहितीय आपल्या छताचं. अंगणात काचा उभ्या करून ठेवलेल्या असतात, त्यांच्यावरचं ऊन खिडकीतून वर येतं आणि छतावर चौकोन पडतात. इतकी वर्षं या खोलीत झोपले, पण कधी नीट बघितलं नव्हतं. खाली कुणी काच हलवली की वरचा चौकोन चालायला लागतो. चौकोन हळू चालला तर मिस्त्री, झोकांडत चालला तर दुसरं कुणी. सकाळी नऊला पलंगाच्या पायाशी असतो आणि दुपारी माझ्या तोंडावरून सरकत कपाटाकडे जातो. मधे डोळा लागतो. उठते तेव्हा खोली थोडी फिरल्यासारखी वाटते, जणू आम्ही सगळेच पाण्यावर आहोत आणि कुणीतरी दोर सैल सोडलाय. वेदनेच्या गोळ्यांचा प्रताप. पण खरं सांगू, वाईट नाही वाटत.

बरं, मुद्द्याचं. मी तुला माफ केलंय. तोंडानं म्हणाले नव्हते, आता लिहून देते. झालं ते झालं. माणूस घाबरतं, हात सुटतो. आईही हल्ली तो विषय काढत नाही. तेव्हा रागाला पूर्णविराम दे आणि फोन उचल. मावशीच्या घरी राहून कचेरीत फायली लावतेस म्हणे. तुझ्या हाताला ते काम शोभत नाही.

पेन्सिल बोथट झाली.

तुझी,
ताई

९ ऑगस्ट, शनिवार, सकाळ

चिमणे,

उत्तर नाही. ठीक आहे. मीही तुझ्या जागी असते तर लगेच दिलं नसतं. अकरा वर्षांनी मोठी आहे मी, पण हट्टाच्या बाबतीत आपण जुळ्या.

परवा मला दवाखान्यात नेलं, फोटो काढायला. जिना आडवा आला. खुर्चीवरून न्यायची की फळीवरून यावर खाली अर्धा तास परिषद. मिस्त्री म्हणाले, "काच असती तर उभी नेली असती. तुम्हाला आडवंच न्यावं लागेल." शेवटी जाड फळीवर निजवून चौघांनी उचललं. मी म्हटलं, "मिस्त्री, मी सुटले तर मात्र धरा हं, कारखान्याचा नियम लावू नका." सगळे हसले. मिस्त्री हसले नाहीत.

जिना उतरताना वरून चौथ्या पायरीशी मी डोळे मिटून घेतले. का, ते विचारू नकोस.

डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरून दाखवला. छान दिसतो गं आपला कणा, एकावर एक ठेवलेल्या वाट्या जशा. दोन मणक्यांच्या मधे एकेक गादी असते म्हणे. माझी खालून दुसरी गादी एप्रिलमध्ये पडले तेव्हाच फाटली होती, शिंकेनं आतला गर बाहेर आला आणि पायाकडे जाणाऱ्या नसेवर जाऊन बसला. डॉक्टर तरुण आहेत, फार गोड बोलतात. म्हणाले, "तुम्ही ओझ्यासकट वळलात आणि त्याच क्षणी बसलात, असं काहीसं झालं असणार. नुसतं पडून एवढं होत नाही. हातात काही धरलेलं होतं का?" मी म्हटलं, आठवत नाही.

आणखी एक. नवा माणूस आलाय कामाला. चाळिशीचा, आधी मालवाहू गाडी चालवायचा, मिशा एवढ्या की त्यांनाच पगार द्यावा. त्याची काल परीक्षा झाली. आपल्याकडची पद्धत तू विसरली नसशीलच, पहिल्या दिवशी रद्दी काच दोघांनी उचलायची, अंगणाच्या मधोमध यायचं, आणि समोरचा 'सोड' म्हणाला की त्याच क्षणी हात काढून मागे उडी. काच फुटलीच पाहिजे. तीन काचांत ज्याचा हात सुटला नाही त्याला परत पाठवायचं. अप्पांनी घालून दिलेला नियम, सुटती काच धरू नये. काच पुन्हा कापता येते, माणूस कापलं की कापलं. अप्पा गेल्यापासून ही परीक्षा मी घेत आले. तुझीही मीच घेतली होती. पहिल्याच काचेला तू अशी उडी मारलीस की अप्पांच्या शिष्यांत एवढ्या चपळाईनं कुणी मारली नसेल.

काल मी वर होते, तेव्हा परीक्षा मी छतावर बघितली. उजेडाचा लांबट तुकडा कपाटापाशी आला, थांबला. खालून मिस्त्रींचा आवाज, "सोड!" तुकडा हलला नाही. थरथरत राहिला फक्त. दुसरी काच, "सोड!" पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तो तुकडा आणखीच थरथरत होता. पडला नाही तो. त्या माणसानं धरून ठेवली होती काच.

मिस्त्री वर आले. "तीनही धरल्या. नाही म्हणून सांगू ना?"

मी म्हटलं, "ठेवा त्याला."

"ताई, नियम आहे."

"असू दे. माणसाचा हात असा एकदम सुटत नाही हो कधीकधी. दुसरं काही काम द्या, उचलायचं नको."

मिस्त्री माझ्याकडे बघत उभे राहिले. मग "बरं" म्हणून गेले. त्यांना एवढं काय बघायचं होतं कोण जाणे.

जेवण आलं. पडून जेवायचं म्हणजे निम्मं मानेवर.

ताई

१६ ऑगस्ट, शनिवार, दुपार

चिमणे,

आज तुझे मासे आले होते.

वेड लागलं म्हणशील. ऐक तर खरं. दुपारची गोळी घेतली, चौकोन तोंडावर आला, मी डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांआडून उजेड लाल दिसतो, मग हळूहळू हिरवा होतो. डोळे उघडले तर छत पाण्याचं झालेलं. आणि त्यात मासे, तू काचेवर काढलेलेच, सत्तेचाळीस. मला आकडा कसा ठाऊक, असं तुला वाटेल. मोजले होते मी. तू जेवायला गेलीस की मी तुझ्या खोलीत जाऊन काचेसमोर उभी राहायची.

ते मासे लव्हाळ्यांतून वळत वळत कपाटाकडे निघाले. मी तळ्याच्या तळाशी निजलेली, पाठ मऊ चिखलात, कळ कुठेच नाही. वर पाण्याच्या पलीकडे तू, तोंडाला फडकं बांधून, हातात वाळूचा झोत मारायची नळी घेऊन काचेवर एकेक खवला उठवतेयस. मी तुला हाक मारली, पण पाण्यातून आवाज जाईना. तू मान वर केली नाहीस, कामात असलीस की करतच नाहीस. मला वाटलं, हिला माझ्याशिवायही किती छान जमतंय. त्यात राग नव्हता. बरं वाटत होतं.

जाग आली ती दारावरच्या थापेनं. वाचनालयाच्या ग्रंथपाल बाई. हातात फळं, चेहऱ्यावर संकोच. माझी चौकशी केली, पाठीसाठी तीन उपाय सांगितले, सगळे एकमेकांच्या उलट. मग म्हणाल्या, "दाराला अजून लाकडी फळीच ठोकलीय. मुलं रोज विचारतात, मासेवालं दार कधी लागणार? मी म्हणते, करणाऱ्या बाई गावाला गेल्यात."

मी म्हटलं, "येईल ती."

"त्यांनाच करू द्या हं. दुसऱ्या कुणाकडून नको. आम्ही थांबू." आणि मग जाताना, "तुम्ही किती कौतुकानं दाखवलं असेल ते लोकांना!"

कौतुक. मी तुला काय म्हटलं होतं आठवतंय? 'काच आरपार बघायला असते, तिच्यावर मासे कशाला?' अकरा आठवडे तू खपत होतीस आणि माझ्या तोंडून एकदा चांगलं म्हणून निघालं नाही. बाहेरच्या माणसाचं मी चटकन कौतुक करते, घरच्याचं करायचं म्हटलं की जीभ जड होते. अप्पांचंही तसंच होतं. पण अप्पांच्या नावावर किती खपवायचं?

चिमणे, त्या दिवशी ती काच आपण दोघी खाली नेत होतो तेव्हा जिन्यातल्या खिडकीतून ऊन आलं होतं. तू खाली होतीस, तुझी पाठ अंगणाकडे, तू माझे पाय बघून पायऱ्या मोजत होतीस, "एक, दोन, तीन." तुला भिंत दिसत नव्हती. मला दिसत होती. ऊन काचेतून गेलं आणि सगळे मासे भिंतीवर आले. आपण एक पायरी उतरलो की ते पोहायचे, थांबलो की थांबायचे. इतकं सुंदर मी या कारखान्यात कधी काही बघितलं नव्हतं. आणि मी पायरीकडे बघत नव्हते.

बस, हात दुखतोय.

१७ ऑगस्ट, सकाळ

कालचं गोळीच्या गुंगीत लिहिलंय, फार मनावर घेऊ नकोस. फाडून टाकणार होते, पण कागद फाडायला दोन्ही हात वर धरून जोर लावावा लागतो आणि कमरेत चमक भरते. तेव्हा जातंय तसंच.

ता.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

चिमणे,

थोडक्यात लिहिते. कालपासून डावं पाऊल उचलत नाही. दुखत नाही, गंमत बघ, दुखणं जवळजवळ गेलंय. नुसतं पाऊल लोंबतं. चप्पल पायातून निसटून पडली आणि मला कळलंच नाही, आईनं सांगितलं. डॉक्टर आले, टाचणी टोचली, अंगठा वर करा म्हणाले. मी केला. म्हणजे मला वाटलं मी केला. मान उचलून बघितलं तर अंगठा होता तिथेच.

अठ्ठावीस तारखेला शस्त्रक्रिया. नसेवरचा गर काढून टाकायचा, एवढंच. पाठ बरी होईल म्हणाले. पाऊल परत येईल का हे विचारल्यावर म्हणाले, "बहुतेक." एवढं गोड बोलणारा माणूस एकाच शब्दावर थांबला, यावरून काय ते समज.

घाबरले आहे. तुला खोटं का सांगू.

तू येऊ नकोस. प्रवास लांबचा, तुझी नोकरी नवी. आणि तू आलीस तर मला तुझ्या तोंडाकडे बघावं लागेल.

ताई

२६ ऑगस्ट, मंगळवार, सकाळ

चिमणे,

हे पत्र तुला टपालानं येणार नाही. तू आत्ता उद्याच्या तपासणीचे कागद आणायला दवाखान्यात गेलीयस, आणि येताना औषधं घेणार आहेस. म्हणजे माझ्याकडे तासभर आहे.

आईनं मला न विचारता तुला फोन केला. तिचा फोन म्हणजे ती बोलते आणि दुसऱ्याचं ऐकू येत नाही म्हणून ठेवून देते. तू रविवारी दारात उभी राहिलीस तेव्हा मला वाटलं पुन्हा गोळीचाच प्रताप. तू मात्र पिशवी खाली ठेवलीस, हात धुतलेस, आणि माझ्या कुशीवर वळायच्या वेळी खांदा आणि कंबर एकदम धरून मला वळवलंस, नर्स करते तसं, जराही पीळ न पडू देता. मावशीच्या गावच्या दवाखान्यात जाऊन शिकून आलीस म्हणे. चार महिन्यांत कुणी मला इतक्या नीट हलवलं नव्हतं.

काल तू माझे केस धुतलेस. पलंगाच्या कडेला मान, खाली घमेलं. कोमट पाणी कपाळावरून मागे जात होतं, छतावर उजेड हलत होता, आणि मला वाटत होतं हे असंच राहावं, कुणी काही बोलू नये. मग तू बोललीस.

"ताई, तुझं पहिलं पत्र वाचलं. 'माफ केलंय' असं लिहिलं होतंस. त्यानंतरची फोडलीच नाहीत. फोडवेनात. सगळी पिशवीत आहेत."

तू तांब्या पुन्हा भरून घेतलास.

"तू माफ केलंस हा तुझा मोठेपणा. मला नाही जमत. मी धरायला हवं होतं, ताई. मी ओरडले आणि सोडून दिलं, आणि तू एकटी. आता मला सारखं वाटतं, हातात आलेलं काहीही सोडू नये. कपबशी निसटली तरी झेपावते. परवा मावशीकडे आरसा भिंतीवरून निसटला, तो धरला मी." आणि तू तळहात दाखवलास. पट्टी बांधलेला. आल्यापासून मी विचारत होते, तू 'भाजलं' म्हणत होतीस.

चिमणे, पाणी माझ्या डोळ्यांत गेलं म्हणून मी डोळे मिटले असं तुला वाटलं. तसं नव्हतं.

आता ऐक.

पाय माझा चुकला. चौथ्या पायरीवर, भिंतीवरचे मासे बघता बघता. माझ्याकडची बाजू खचली, काच तिरकी झाली. तू खालून बघितलंस आणि जसं शिकवलं होतं तस्सं, त्याच क्षणी 'सोड' म्हणालीस, हात काढलेस आणि बाजूला झालीस. तुझी काहीही चूक नव्हती. परीक्षा असती तर पैकीच्या पैकी.

मी सोडली नाही.

तुझा आवाज मला लख्ख ऐकू आला होता. वीस वर्षं जो शब्द मी दुसऱ्यांवर ओरडले तो मला ऐकू आला, आणि मी धरून ठेवली. काच मला ओढत गेली, मी तिच्यासकट वळले, बसले, आणि सात पायऱ्या बसल्या बसल्या उतरले. काच फुटायची ती फुटलीच. तिचा एक तुकडा तुझ्या कानाजवळून गेला. तोही माझ्यामुळे. मी सोडली असती तर ती तिथल्या तिथे कोसळली असती, तुझ्याकडे आली नसती. डॉक्टरांनी विचारलं हातात काही होतं का, तेव्हा मला सगळं आठवत होतं.

का धरली? रोज विचारते स्वतःला. तुझी होती म्हणून. अप्पांची असती, गिऱ्हाइकाची असती, डोळे मिटून सोडली असती. पण ते मासे फुटणार हे मला सहन झालं नाही. तोंडानं ज्याचं कधी चांगलं म्हटलं नाही ते हातांनी मात्र सोडवेना. हे कारण आहे, सबब नाही.

आणि मग पायथ्याशी सगळे जमले. मिस्त्री, आई, शेजारचा सुतार. कुणीतरी विचारलं, "कसं झालं?" मी म्हटलं, "हिनं हात सोडला." यात एकही अक्षर खोटं नव्हतं, तू सोडलाच होतास. फक्त पुढचं वाक्य मी बोलले नाही. लाज वाटली गं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. जिनं नियम न पाळणाऱ्या माणसांना दारातून परत पाठवलं, तिनंच नियम मोडला हे मिस्त्रींसमोर कसं म्हणायचं? वाटलं, कळ थांबली की सांगू. मग आई तुला नाही नाही ते बोलली. तू खाली मान घालून ऐकलंस, कारण तुला वाटलं ताई सांगतेय म्हणजे तसंच झालं असणार. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. पंधराव्या दिवशी तू गेलीस. तेव्हाही मी कुशीवर होते, भिंतीकडे.

वर पुन्हा तुला माफ केलं! त्या शब्दाची मला आज शिसारी येते.

तू मघाशी बाहेर पडलीस तेव्हा मी आधी मिस्त्रींना वर बोलावलं आणि सांगितलं. त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं. म्हणाले, "ठाऊक होतं. तुमचे हातमोजे मीच उचलले होते त्या दिवशी. दोन्ही तळव्यांवर उभ्या चिरा. सोडणाऱ्याच्या मोज्याला अशा चिरा पडत नाहीत."

"मग बोलला का नाही?"

"मी बोलून काय? तुमच्या तोंडून यायला हवं होतं. धाकट्या ताईंना निरोप द्यावा असं दहादा मनात आलं. तेवढं चुकलंच माझं." मग दारात थांबून म्हणाले, "त्या मिशीवाल्याला काल पुन्हा उभं केलं. पहिल्याच काचेला सोडली. लागतो एखाद्याला वेळ."

मग आई. आईला सांगणं म्हणजे काय ते तू जाणतेस. मी हळू आवाजात सुरुवात केली, "आई, चूक माझी होती." ती म्हणाली, "काय?" मी मोठ्यानं म्हटलं. तिनं उजवा कान पुढे केला. तिसऱ्यांदा मी इतक्या जोरात ओरडले की अंगणातली कापाकापी थांबली, समोरच्या खिडकीत दोन डोकी आली, आणि माझ्या कमरेत अशी कळ गेली की मी पलंगाची कड धरली. "चूक माझी होती! तिनं बरोबर केलं! मी काच सोडली नाही! मी खोटं बोलले!" चार महिने पोटात ठेवलेलं सगळ्या आळीनं ऐकलं. आई पलंगाच्या कडेशी बसली. बराच वेळ माझ्या लोंबत्या पावलावरून हात फिरवत राहिली. मला तो कळत नव्हता, फक्त दिसत होता. मग म्हणाली, "मी त्या पोरीला काय काय बोलले." आणि रडली. मी तिला अप्पा गेले तेव्हाही असं रडताना बघितलं नव्हतं. आता ती बाहेर दारात बसलीय, तुझी वाट बघत. तुला आधी तिच्यासमोरून जावं लागेल.

मला तुझ्याकडून काय हवंय ते सांगते, म्हणजे अंदाज करत बसायला नको. माफी नकोय. ती मी वाटली तेवढी पुरे. तू परवा दवाखान्यात माझ्याबरोबर यावंस असं फार वाटतं, पण नाही आलीस तरी मिस्त्री आहेत. मला एवढंच हवंय की यापुढे तुझ्या हातातून काच निसटली तर तू ती सोडून देशील. चहाचा कप असो नाहीतर माशांचं दार. तुझा तळहात उघडा करून बघ. ते मी केलंय. सरकलेली गादी माझी मला मिळाली, ती मी भोगेन. पण तुझ्या हाताला जी वाईट सवय लागली ती माझ्या खोट्यातून लागली, आणि ती घेऊन तू काचेच्या कामाला परत गेलीस तर एक दिवस मनगट जाईल. आणि नाही गेलीस तर मासे जातील. मला दोन्ही नको.

अंगणाचं फाटक वाजलं. आईचं काहीतरी सुरू झालंय, ऐकू येत नाही. आता जिना. तू आल्यापासून रोज वरून चौथ्या पायरीशी थांबतेस, मी ऐकते. आजही थांबलीस.

आत ये. हे पत्र मी तुझ्या हातात देणार आहे आणि तू ते इथेच, माझ्यासमोर बसून वाचायचंस. मला भिंतीकडे वळायचं झालं तर तुलाच वळवावं लागतं. आज मी वळव म्हणणार नाही.